'अ ख्रिसमस कॅरल'वर वाचक गटात चर्चा कशी घडवावी

डिसेंबर जवळ आला की वाचक गटात नाताळची एखादी गोष्ट वाचायला घ्यावी असा विषय निघतो आणि बहुतेक वेळा चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'वर एकमत होते. पुस्तक लहान आहे, कंजूष स्क्रूज आणि त्याला भेटणारी भुते यांची गोष्ट बहुतेकांनी कोठे ना कोठे ऐकलेली असते, त्यामुळे चर्चा सहज रंगेल असे वाटते. प्रत्यक्षात डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टीवर मित्रमंडळींनी मिळून बोलणे बरेच अवघड असते. पहिल्या दहा मिनिटांतच दोन तट पडतात. एका बाजूला 'किती हृद्य आहे' असे म्हणणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला 'फार रडके आहे' असे म्हणणारे. एकदा हे बोलून झाले की दोन्ही बाजूंचे बोलणे संपते, कारण दोघांनीही तोवर आपापला स्वभाव सांगितलेला असतो आणि पुस्तक मिटलेलेच राहिलेले असते.

भावुक गोष्टीची चर्चा 'आवडली का' या प्रश्नाने सुरू करू नये, 'नेमक्या कोणत्या वाक्याला तुमचा गळा दाटला आणि कोणत्या वाक्याला तुम्ही वैतागलात' या प्रश्नाने सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. लेखकाने वाचकाच्या भावनेला हात घातला असेल तर तो कोठे आणि कोणत्या साधनांनी घातला, हे मजकुरात बोट ठेवून दाखवता येते. पुढील सर्व मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रत आणि वेळापत्रक

बैठक नाताळच्या आधीच्या शनिवारी किंवा रविवारी घ्यायची असेल, तर पुस्तक नोव्हेंबरच्या अखेरीस जाहीर करावे. मूळ इंग्रजी मजकूर सुमारे २८,००० शब्दांचा आहे आणि त्याचे पाच भाग आहेत. पुस्तकाचे नावच नाताळगीत असल्यामुळे डिकन्सने या भागांना प्रकरणे न म्हणता कडवी म्हटले आहे. तिसरे कडवे सर्वांत मोठे आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात पहिली दोन, दुसऱ्या आठवड्यात एकटे तिसरे आणि उरलेल्या दिवसांत शेवटची दोन, अशी विभागणी सोयीची पडते.

प्रत पूर्ण मजकुराचीच असावी, यावर संयोजकाने आग्रह धरावा. शाळेसाठी किंवा लहान मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्यांत गोष्टीचा सांगाडा शिल्लक राहतो, परंतु ज्या भागांमुळे या गोष्टीला धार आली आहे त्यांनाच सहसा पहिली कात्री लागते. मृताच्या घरातून चोरून आणलेले पडदे, पांघरुणे आणि सदरा विकत घेणाऱ्या भंगारवाल्या जोचे दुकान, ओसाड माळावरचे खाणकामगार, दीपगृहातील दोन राखणदार, आणि दुसऱ्या भुताच्या झग्याखालून बाहेर येणारी दोन भुकेलेली मुले हे सर्व वाचलेल्या आणि न वाचलेल्या सभासदांनी एकाच टेबलाशी बसून चर्चा केली, तर ते दोन निरनिराळ्या पुस्तकांवर बोलत राहतात. डिकन्सचे निधन १८७० साली झाले असल्यामुळे पुस्तकावर स्वामित्वहक्क उरलेला नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर आणि लिब्रिव्हॉक्सवर ध्वनिमुद्रित वाचन विनामूल्य मिळते.

गटातील सर्वांना एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी सारख्याच वेगाने वाचता येईल असे गृहीत धरू नये. पहिली काही पाने तर स्क्रूजचा दिवंगत भागीदार मार्ली दाराच्या खिळ्यासारखा मेलेला होता, या वाक्प्रचारावरच्या विनोदात जातात आणि अनेक वाचक तेथेच पुस्तक खाली ठेवतात. ती पाने रेंगाळत वाचायची नाहीत, एवढे आधी सांगितले तरी पुष्कळ काम होते. वाचन इंग्रजीत झाले तरी चर्चा मराठीत करावी. एखादे वाक्य उद्धृत करायचे असेल तर ते मूळ इंग्रजीत एकदा वाचून लगेच आपल्या शब्दांत मराठीत सांगावे. असे केले नाही तर इंग्रजी सराईतपणे बोलणारे दोघे-तिघेच बोलत राहतात आणि ज्यांचे वाचन अधिक मुरलेले असते अशी माणसे गप्प बसतात.

पुस्तक जाहीर करतानाच प्रत्येकाला पेन्सिलीने तीन खुणा करायला सांगाव्यात: जेथे मन हलले ती जागा, जेथे लेखक आपल्याला मुद्दाम रडवतो आहे असे वाटून राग आला ती जागा, आणि जी मुळीच कळली नाही ती जागा. प्रत्येकाजवळची आवृत्ती वेगळी असणार, त्यामुळे पृष्ठक्रमांकाच्या जोडीने कडव्याचा क्रमांक आणि प्रसंग लिहून ठेवावा. या तीन खुणा केल्याशिवाय बैठकीस येऊ नये, असे प्रेमाने परंतु स्पष्टपणे सांगून ठेवावे.

संयोजकाने आधी काय जाणून घ्यावे

ही गोष्ट कोणत्या संतापातून लिहिली गेली हे माहीत नसेल, तर ती केवळ गोडगोड वाटण्याचा धोका असतो. म्हणून संयोजकाने १८४३ या एका सालाची नीट माहिती करून घ्यावी.

त्या वर्षाच्या आरंभी ब्रिटिश संसदेने नेमलेल्या बालमजुरीविषयक आयोगाचा दुसरा अहवाल प्रसिद्ध झाला. खाणींमध्ये आणि कारखान्यांमध्ये कोवळ्या वयाची मुले कोणत्या परिस्थितीत किती तास राबतात, याच्या त्या मुलांनीच दिलेल्या जबान्या या चौकशीत नोंदवल्या गेल्या होत्या. आयोगाचे एक सदस्य डॉ. साउथवुड स्मिथ हे डिकन्सच्या परिचयाचे होते. अहवाल वाचून अस्वस्थ झालेल्या डिकन्सने मार्च १८४३ मध्ये गरिबांच्या मुलांच्या बाजूने इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारी एक पुस्तिका लिहिण्याचे ठरवले आणि काही दिवसांतच तो विचार पुढे ढकलला. वर्षाच्या अखेरीस आपण असे काही करू की त्याचा आघात या पुस्तिकेच्या वीसपट असेल, अशा आशयाचे त्याने स्मिथ यांना कळवले. सप्टेंबरमध्ये त्याने लंडनमधील फील्ड लेन येथे फाटक्या कपड्यांतील मुलांसाठी चालणारी धर्मादाय शाळा पाहिली. ५ ऑक्टोबरला मँचेस्टरमध्ये त्याने शिक्षणाच्या बाजूने भाषण केले आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांत ही गोष्ट लिहून काढली. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी बाहेर आले आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या.

या माहितीला एक खाजगी बाजूही आहे. डिकन्स बारा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, त्याचे वडील कर्ज न फेडल्यामुळे लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले आणि तो स्वतः बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबले चिकटवण्याच्या कामाला लागला. स्क्रूजचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट याच्या घरातील प्रत्येक वस्तू डिकन्सने इतक्या बारकाईने मोजली आहे, त्यामागे मला हे बालपण दिसते. पैशांची चणचण असलेल्या घरात काय आहे आणि काय नाही हे सर्वांना तोंडपाठ असते, आणि डिकन्सला ते तसे ठाऊक होते.

दोन संदर्भ सभासदांना स्पष्ट करून द्यावेच लागतात. पहिला १८३४ च्या गरीब कायद्याचा. या कायद्यान्वये काम करू शकणाऱ्या गरिबांना घरी मदत देण्याऐवजी श्रमगृहात दाखल करून घेण्याचे धोरण आले. तेथे पती, पत्नी आणि मुले यांना वेगवेगळे ठेवत, आणि तेथील जिणे बाहेरच्या सर्वांत हलाखीच्या मजुरापेक्षाही नकोसे असावे, हे तत्त्वच ठरलेले होते. देणगी मागायला आलेल्या दोन गृहस्थांना स्क्रूज 'तुरुंग नाहीत का, श्रमगृहे बंद पडली का' असे विचारतो, तेव्हा तो प्रचलित सरकारी धोरणच बोलून दाखवत असतो. दुसरा संदर्भ इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, हा त्याचा १७९८ चा सिद्धांत तोपर्यंत सुखवस्तू लोकांच्या तोंडी रुळला होता, आणि 'मरायचे असेल तर मरोत, जादा लोकसंख्या तरी कमी होईल' हे स्क्रूजचे वाक्य थेट तेथून आले आहे.

आणखी एक हिशेब मला स्वतःला फार महत्त्वाचा वाटतो. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग पगार आहे. सोनेरी कडांची पाने, जॉन लीचची चित्रे आणि त्यांतील चार हाताने रंगवलेली, अशा देखण्या रूपात निघालेल्या या पुस्तकाची किंमत ५ शिलिंग होती. म्हणजे बॉबला स्वतःची गोष्ट विकत घ्यायची झाली असती तर त्याला आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. हे पुस्तक गरिबांविषयी असले तरी ते कोणाच्या हातात पडावे म्हणून लिहिले होते, हा प्रश्न या दोन आकड्यांतून आपोआप उभा राहतो आणि चर्चेला उत्तम धक्का मिळतो.

ही सर्व माहिती संयोजकाने दहा मिनिटांत, बैठकीच्या मध्यावर सांगावी. ती आरंभीच सांगितली तर सभासद अदबीने इतिहासावर बोलू लागतात आणि आपल्या तीन खुणा विसरतात.

बैठकीची मांडणी

आठ ते दहा माणसे आणि दोन तास, हे प्रमाण चांगले जमते. सूत्रे एकाच व्यक्तीकडे असावीत आणि त्या व्यक्तीने स्वतःचे मत शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत राखून ठेवावे. परदेशातील मित्र ऑनलाइन जोडले जाणार असतील तर भारतातील संध्याकाळी साडेसातची वेळ सर्वांना झेपते. डिसेंबरमध्ये त्या वेळी लंडनला दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. चहा-फराळ मध्यंतरात ठेवावा, म्हणजे बोलणे तुटत नाही.

सुरुवात मोठ्याने वाचनाने करावी. हे पुस्तक कानाने ऐकण्यासाठीच लिहिल्यासारखे आहे. स्वतः डिकन्सने डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये ते श्रोत्यांपुढे वाचले, त्यांतील एक वाचन कामगारांना परवडेल अशा दरात ठेवायला लावले, आणि १८७० मधील निरोपाच्या वाचनातही त्याने हेच पुस्तक निवडले. गटासाठी पहिल्या कडव्यातील देणगी मागणाऱ्या गृहस्थांचा प्रसंग निवडावा. तो दोन पानांचा आहे, त्यात संवाद आहेत, आणि स्क्रूज, गृहस्थ व निवेदक अशी वाटणी करून तिघांना वाचता येतो. स्क्रूजचे संवाद गटातील सर्वांत मवाळ माणसाकडे द्यावेत. त्या तोंडून ते अधिक भयंकर ऐकू येतात.

पहिली फेरी

वाचन संपताच प्रत्येकाने आपली पहिली खूण, म्हणजे मन हललेली जागा, सांगावी. प्रसंग सांगायचा, वाक्य वाचायचे आणि थांबायचे. या फेरीत कोणी कोणाला उत्तर देऊ नये, 'मलाही' असेसुद्धा म्हणू नये. त्यानंतर त्याच क्रमाने दुसरी खूण, राग आलेली जागा, सांगावी. संयोजकाने दोन्ही याद्या कागदावर सर्वांना दिसतील अशा लिहीत जाव्यात.

बहुतेक वेळा असे दिसते की एकच प्रसंग दोन्ही याद्यांत येतो. कोणाला बॉबचा आजारी, लंगडा मुलगा टायनी टिम याचे आशीर्वादाचे वाक्य आवडलेले असते, तर कोणाला तेच असह्य झालेले असते. आमच्या गटातील एका ताईंनी तर एकच वाक्य दोन्ही याद्यांत घातले होते. 'मला रडू आले आणि रडू आले म्हणूनच राग आला,' असे त्या म्हणाल्या. अशा जागेवर संयोजकाने मोठी खूण करून ठेवावी, कारण पुढचा तास तिच्यावर चालणार असतो.

एक घर, दोन प्रसंग

चर्चेचा गाभा म्हणून क्रॅचिटांच्या घरातील दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. पहिला तिसऱ्या कडव्यातील नाताळच्या जेवणाचा, दुसरा चौथ्या कडव्यातील, शेवटचे भूत स्क्रूजला दाखवते त्या संभाव्य भविष्यातील, टिम गेल्यानंतरचा. येथे घाई करू नये.

जेवणाच्या प्रसंगात घर गरीब आहे असे सांगण्याऐवजी डिकन्स वस्तू मोजत जातो. आईच्या अंगावर दोनदा उलटून शिवलेला झगा आहे आणि तो झाकायला सहा पेन्सच्या फिती आहेत. मोठ्या मुलाने, पीटरने, नाताळसाठी मिळालेली वडिलांची कॉलर घातली आहे आणि ती त्याच्या तोंडात जाते आहे. घरी भट्टी नसल्यामुळे बदक पावाच्या भट्टीवाल्याकडे भाजायला दिले आहे, आणि धाकटी दोन मुले त्याच्या दुकानाबाहेरून वास घेऊन आली आहेत व तो आपल्याच बदकाचा होता असे ओरडून सांगत आहेत. बदक पुरवठ्याला यावे म्हणून सोबत सफरचंदाची चटणी आणि बटाट्याचा लगदा आहे. मग मिसेस क्रॅचिट पुडिंग आणायला एकटी आत जाते, कारण ते फसले असेल तर ते पाहायला कोणी साक्षीदार नको. कपडे उकळण्याच्या हंड्यात, कापडात बांधून शिजवलेल्या पुडिंगचा पहिला वास कपडे धुण्याच्या दिवसाचा येतो. पुडिंग टेबलावर येते, सर्वजण वाहवा करतात, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते लहान आहे असे कोणी म्हणत नाही. तसे मनात आणणेसुद्धा तेथे पाखंड ठरले असते. घरातील सगळी काचेची भांडी म्हणजे दोन पेले आणि कान तुटलेला एक कप.

येथे सभासदांना विचारावे की लेखकाने 'बिचारे' हा शब्द न वापरता ही अवस्था कशी पोहोचवली. उत्तर मजकुरातच आहे: पुडिंग लहान असल्याची जाणीव निवेदकाला आहे, वाचकाला आहे, आणि टेबलाशी बसलेल्या सर्वांनाही आहे. ती न बोलण्याचे जे ठरले आहे त्यात त्या घराची सगळी अब्रू आहे. हे ओळखीचे वाटते म्हणून मराठी वाचक येथे हमखास बोलू लागतो. पाहुण्यांना वाढताना 'मला भूक नाही' म्हणणाऱ्या आया आपल्याला पुस्तकांतून आणि घरांतून ठाऊक आहेत.

मग दुसरा प्रसंग उघडावा. घर तेच आहे, माणसे तीच आहेत, परंतु एरवी दंगा करणारी धाकटी मुले पुतळ्यांसारखी कोपऱ्यात बसलेली आहेत. आई काहीतरी शिवते आहे. ते खाली ठेवून ती म्हणते की या रंगाने डोळे दुखतात. तो रंग कोणता हे लेखक सांगत नाही. बॉब अलीकडे हळू चालतो असे पीटर म्हणतो. त्यावर आई सांगते की टिमला खांद्यावर घेऊन तो अगदी झपाझप चालत असे, आणि मग पुढे जोडते की टिम उचलायला फार हलका होता.

या वाक्यावर गटाला थांबवावे. मूल आजारी होते, त्याला पुरेसे खायला मिळाले नाही, बापाचा जीव त्याच्यावर होता, आणि आता तो खांदा रिकामा आहे, हे सगळे त्या हलकेपणात आले आहे. मृत्यू हा शब्द त्या संवादात नाही. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातील अश्रू येथे खरे ठरतात.

त्याच प्रसंगाच्या शेवटी डिकन्स स्वतः पुढे येतो आणि 'टायनी टिमच्या आत्म्या, तुझे बाल्य ईश्वराकडून आले होते' अशा अर्थाचा उद्गार काढतो. दोन्ही वाक्ये लागोपाठ मोठ्याने वाचून घ्यावीत. एका वाक्यात पात्र स्वतःला आवरते आहे आणि वाचक भरून येतो आहे, दुसऱ्यात लेखक भरून आला आहे आणि वाचक बाहेर उभा आहे. हा फरक एकदा कानांना ऐकू आला की 'हृद्य' आणि 'रडके' असे दोन तट शिल्लक राहत नाहीत, कारण दोन्ही बाजू बरोबर होत्या आणि त्या एकाच पानावरील निरनिराळ्या ओळींविषयी बोलत होत्या, हे सर्वांनाच दिसते. सर्वांना हा निवाडा पटेलच असे नाही. त्या काळातील वाचकाला असा उद्गार ऐकण्याची सवय होती आणि त्याला त्यात परकेपणा वाटत नसे, असा प्रतिवाद कोणी केला तर तो मोलाचा आहे आणि त्याला वेळ द्यावा.

वाद घालण्याजोगे प्रश्न

प्रश्नांची लांबलचक यादी नेऊ नये. दोन-तीन प्रश्न पुरतात, परंतु ते असे असावेत की त्यांचे उत्तर मजकुरातून दोन्ही बाजूंनी देता येईल.

सर्वांत चांगला प्रश्न म्हणजे स्क्रूज बदलतो तो भीतीने की करुणेने. भीती म्हणणाऱ्यांकडे चौथ्या कडव्यातील थडग्यावरचे त्याचे स्वतःचे नाव असते. करुणा म्हणणाऱ्यांनी मागे जावे. दुसऱ्या कडव्यात सुटीत एकट्याच राहिलेल्या शाळकरी पोराच्या रूपात स्वतःला पाहून तो रडतो आणि लगेच त्याला आदल्या रात्री दाराशी गाणे म्हणायला आलेल्या मुलाची आठवण होते. तिसऱ्या कडव्यात, म्हणजे थडगे दिसण्याच्या कितीतरी आधी, टिम जगेल का हे तो स्वतःहून विचारतो. तेव्हा भूत त्याचेच 'जादा लोकसंख्या' हे शब्द त्याच्या तोंडावर फेकते आणि तो मान खाली घालतो.

दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे. स्क्रूज बॉबचा पगार वाढवतो आणि टिमचा जणू दुसरा बाप होतो, परंतु श्रमगृहे जेथे होती तेथेच राहतात. एका श्रीमंताचे मन बदलल्याने प्रश्न सुटतो, असे हे पुस्तक सांगते का? येथे भुताच्या झग्याखालील दोन मुले पुन्हा वाचावीत. मुलगा म्हणजे अज्ञान आणि मुलगी म्हणजे दारिद्र्य, आणि भूत बजावते की त्यातल्या त्यात या मुलाची भीती बाळगा, त्याच्या कपाळावर विनाश लिहिला आहे. ती मुले कोणाची, असे स्क्रूज विचारतो तेव्हा ती मानवजातीची आहेत, असे उत्तर मिळते. शेवटच्या कडव्यात ही दोन मुले परत येत नाहीत. त्यांना कोणी दत्तक घेत नाही. हे लेखकाचे विस्मरण आहे की मुद्दाम ठेवलेली जखम, यावर आमच्याकडे बराच वेळ वाद चालला आणि तो मिटला नाही.

टिमच्या जगण्याचा प्रश्नही काढावा. टिम मेला नाही, हे शेवटच्या पानावरील छोटे वाक्य मूळ हस्तलिखितात नव्हते. ते डिकन्सने छपाई सुरू असताना घातले. ते हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. ते वाक्य नसते तर पुस्तक अधिक चांगले झाले असते का, यावर हात वर करून मत घ्यावे आणि मग प्रत्येक बाजूच्या एकाकडून कारण ऐकावे.

वेळ उरल्यास मिसेस क्रॅचिटकडे वळावे. बॉब स्क्रूजच्या नावाने पेला उचलतो तेव्हा ती भडकते, असल्या चिक्कू, कठोर, भावनाशून्य माणसाच्या नावाने मी का प्यावे असे विचारते, आणि अखेरीस नवऱ्यासाठी व सणासाठी पिते, स्क्रूजसाठी नव्हे. भाबडेपणाचा आरोप असलेल्या पुस्तकात भाबडेपणाला दिलेले हे उत्तर लेखकानेच घालून ठेवले आहे. माझ्या पाहण्यात ते बहुधा स्त्री वाचकांनाच प्रथम दिसले आहे.

चर्चा अडते तेव्हा

कोणी चित्रपटांवर घसरले तर फार वेळ जाऊ देऊ नये. 'तो प्रसंग पुस्तकात कसा आहे' एवढे विचारले की गाडी रुळावर येते. 'आपल्याकडे' अशी तुलना मात्र निघणारच आणि निघावी. साने गुरुजींच्या लेखनावर रडत मोठी झालेली माणसे गटात असतात, आणि रडवणाऱ्या लेखनाकडे पुढे आपण संशयाने का पाहू लागलो, हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा असतो. त्याला दहा मिनिटे द्यावीत आणि परत क्रॅचिटांच्या टेबलाशी यावे.

गटात वसईचे, गोव्याचे किंवा अन्य ठिकाणचे ख्रिस्ती मित्र असतील तर त्यांना नाताळचे प्रवक्ते करू नये. या पुस्तकात येशूच्या जन्माची कथा सांगितलेलीच नाही. टिमच्या तोंडी लंगड्यांना चालवणाऱ्या आणि आंधळ्यांना दृष्टी देणाऱ्याचा उल्लेख येतो, पीटर बायबलमधील एक ओळ वाचतो, यांसारख्या मोजक्या जागा सोडल्या तर हा नाताळ धुक्यातल्या लंडनचा आहे. त्या मित्रांना स्वतःहून काही सांगायचे असेल तर ते सांगतीलच.

सर्वांत नाजूक वेळ म्हणजे कोणी आजारी किंवा गेलेल्या मुलाविषयी बोलू लागते ती. हे पुस्तक ते दार उघडते. अशा वेळी संयोजकाने पुस्तकाकडे वळण्याची घाई करू नये, सल्ला देऊ नये, इतरांना लगेच आपले अनुभव जोडू देऊ नयेत. बोलणाऱ्याचे बोलून होऊ द्यावे, चहाची वेळ थोडी अलीकडे आणावी, आणि बैठक पुन्हा बसल्यावर त्या व्यक्तीला वाटल्यास बोलता येईल अशी जागा ठेवून पुढच्या प्रसंगाकडे जावे.

शेवटची वीस मिनिटे

येथे तिसरी खूण, म्हणजे न कळलेल्या जागा, घ्याव्यात. त्यांची उत्तरे पटापट देता येतात. संयोजकानेही आता आपले मत सांगावे. त्यानंतर पाचव्या कडव्यातील खिडकीचा प्रसंग, स्क्रूज खाली उभ्या असलेल्या मुलाला 'आज कोणता दिवस' असे विचारतो तेथून टर्कीची ऑर्डर देईपर्यंत, मोठ्याने वाचावा. तो आनंदाचा आहे आणि माणसे हसत उठतात.

याद्यांच्या कागदाचे छायाचित्र त्याच रात्री गटावर टाकावे, म्हणजे न आलेल्यांना कोणत्या ओळींवर बोलणे झाले ते कळते. पुढील पुस्तक मात्र त्याच बैठकीत ठरवू नये. या गोष्टीनंतर सर्वांना आणखी एखादी अशीच गोष्ट हवी असते, आणि जानेवारीत ती नकोशी होते. आठवडाभर थांबून मगच नावे मागवावीत.